वेचलेले दाणे

समुद्र शेकडो किलोमीटर लांब असला तरी संभाजीनगरला एक बंदर आहे. तिथं पाणी नाही, जहाज नाही. काँक्रीटचं मैदान, रेल्वेची एक साइडिंग आणि एकावर एक रचलेले कंटेनर, एवढंच. मुंबईच्या किनाऱ्यावर उतरलेला माल सीलबंद तसाच इथं येतो आणि इथंच त्याचं दार पहिल्यांदा उघडतं. सरकारी कागदावर त्याला कोरडं बंदर म्हणतात, रिक्षावाले नुसतं डेपो म्हणतात.

त्या डेपोत परदेशातून आलेलं खाणं तपासायचं काम सुलेखा त्रिभुवनकडं होतं. डाळ असो, खजूर असो, लवंग असो, माणसाच्या तोंडात जाणारं काहीही आधी सुलेखाच्या डोळ्यांखालून जायचं. ती मालातून नमुना काढायची, त्याचे दोन भाग करायची आणि दोन्ही भाग लाखेनं सील करायची. एक भाग लॅबला जायचा, दुसरा तिच्या कपाटात राहायचा. लॅबनं माल ठीक आहे असं कळवलं की सुलेखा सही करायची, आणि मगच ट्रक फाटकाबाहेर पडायचा. सही देण्यात ती घाई करत नसे. एजंट लोक तिला मागं ‘दगड’ म्हणायचे, आणि ते तिला ठाऊकही होतं. तिला त्याचं वाईट वाटत नसे.

उन्हं तापायला लागली होती तेव्हाची गोष्ट. पिस्त्यांचा एक कंटेनर आला. माल सोडवणारा एजंट विश्वजित नेहमीप्रमाणं इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात हजर होता. सील तोडलं, दार उघडलं, आणि सुलेखा जागच्या जागी थांबली. आतून कोंदट वास आला. पावसाळाभर बंद ठेवलेली खोली दसऱ्याला उघडावी, तसा.

तिनं दाराजवळच्या गोण्यांना हातच लावला नाही. हमालांना मधल्या गोण्या बाहेर काढायला लावल्या, तळातल्याही. पिस्ते ताटात ओतले, काही फोडून बघितले. बहुतेक हिरवेगार, छान. पण मधूनच एखादा काळपट, सुरकुतलेला, आत राखेसारखी भुकटी.

“मॅडम, चार दाण्यांवरनं अख्ख्या कंटेनरचा निकाल नका लावू,” विश्वजित हसत म्हणाला.

“मी कुठं लावते? लॅब लावेल.”

पण तिचं मन काही ठीक सांगत नव्हतं. त्या भुकटीतली बुरशी साधी नसते. तिचं विष भाजून मरत नाही, तळून मरत नाही. खाणाऱ्याला त्या दिवशी काही होत नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. ते गुपचूप यकृतात जाऊन बसतं आणि कित्येक वर्षांनी वर येतं, तेव्हा ते कशातून आलं हे सांगायला कुणी उरलेलं नसतं. आणि हजारातला एक दाणा असा असला तरी अख्खा माल विषारी ठरायला तो पुरतो. म्हणून तर नमुना जसाच्या तसा, बऱ्यावाईटासकट, एकत्र दळून तपासायचा असतो.

लॅब चिकलठाण्याला होती आणि ती उमाची होती.

उमा आणि सुलेखा विद्यापीठात एका बाकावर शिकल्या. उमा औरंगपुऱ्यातल्या जुन्या घरातली, वडील आणि आजोबा कारकुनीत आयुष्य घालवलेले. सुलेखा फुलंब्रीची, वडील कडुबा बाजार समितीत रखवालदार. पहिल्या वर्षी निकाल लागला, सुलेखा वर्गात दुसरी आली, तेव्हा कुणीतरी मोठ्यानं म्हणालं होतं की सवलतीवाल्यांना पेपरही सोपा देतात वाटतं. सुलेखा खाली मान घालून बसली होती. उमा उठली, सरळ त्या मुलासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मी तिसरी आले. मलाही तोच पेपर होता. तुझा कितवा नंबर आला, सांग बरं?” वर्ग हसला. त्या दिवसापासून दोघींची जी गट्टी जमली ती जमलीच. कडुबा वारले तेव्हा उमा फुलंब्रीला येऊन राहिली होती, चुलीपुढं बसून तिनं भाकरी थापल्या होत्या, वाकड्यातिकड्या. सुलेखाची आई गोजरबाई तेवढ्या दुःखातही त्या भाकरी बघून हसली होती. दारात पाऊल टाकताना उमा “जय भीम, मावशी” म्हणायची आणि गोजरबाई तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडायची.

त्यामुळं लॅबचा अहवाल आला आणि त्यात पिस्ते निर्दोष निघाले, तेव्हा सुलेखानं संशय घेतला तो स्वतःच्या नाकावर. तरी तिनं फोन केला.

“उमा, परत एकदा बघशील का? मला माल बरा वाटला नव्हता.”

“सुले, नाकानंच तपासायचं तर मी एवढं मशीन कशाला घेतलं? तूच बस ना इथं येऊन, खुर्ची देते तुला,” उमा म्हणाली. दोघी हसल्या. मग उमानं नेहमीसारखं मावशींच्या गुडघ्याचं विचारलं, घराचं काम कुठवर आलं विचारलं.

सुलेखानं सही केली. पिस्ते शहरात गेले. माल सुटल्यावर कपाटातला दुसरा भाग टाकून द्यायची मुभा होती आणि एरवी ती टाकायचीही. या वेळी तिनं तो हातात घेतला, थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि पुन्हा कपाटात ठेवून दिला. उगाच. मन मानेना, एवढंच.

आंबे संपायच्या सुमारास मुंबईहून बोलावणं नाही, माणूसच आला. लहान मुलांचं खाणं बनवणाऱ्या परराज्यातल्या एका कंपनीनं त्याच पिस्त्यांतल्या काही गोण्या घेतल्या होत्या. त्यांनी आपल्या पद्धतीनं तपासलं तर विष मर्यादेच्या कितीतरी पट निघालं. तक्रार थेट वर गेली. चौकशीला आलेले अधिकारी चिन्मय म्हणून होते, वयानं सुलेखाहून लहान, बोलायला मृदू. त्यांनी डेपोच्या सभागृहात सुलेखाला आणि उमाला बोलावलं.

सुलेखा आधी पोचली. तिनं शेजारच्या खुर्चीवर आपली पर्स ठेवून जागा धरली. आपल्या नाकानं सांगितलेलं खरं निघालं, मशीननं कुठंतरी दगा दिला, आता दोघी मिळून शोधून काढू, असं तिच्या डोक्यात होतं. उमा आली. तिनं पर्सकडं बघितलं, सुलेखाकडं बघितलं नाही, आणि टेबलाला वळसा घालून समोरच्या बाजूला बसली.

“अहवाल तुमच्या लॅबचा आहे,” चिन्मय उमाला म्हणाले. “तुमचं म्हणणं काय?”

“अहवाल बरोबर आहे, सर. आमच्याकडं जे येतं ते आम्ही तपासतो. आलेला नमुना चांगला होता. तो कुठल्या गोणीतून काढला, कसा काढला, ते अधिकारी मॅडमना विचारावं लागेल.”

अधिकारी मॅडम म्हणजे आपण, हे सुलेखाच्या लक्षात यायला क्षणभर लागला.

“म्हणजे नमुना काढतानाच गडबड झाली, असं?”

“मी कुणावर आरोप करत नाही.” उमानं पाण्याचा पेला उचलला, प्यायली नाही. “फक्त माहितीसाठी सांगते. फुलंब्रीला त्यांच्या घराचं बांधकाम चालू आहे. बऱ्यापैकी मोठं आहे.”

सभागृहातला एसी घरघरत होता. सुलेखाच्या कानात मात्र त्याहून मोठा आवाज सुरू झाला. ते घर! पत्र्याच्या दोन खोल्या पाडून बँकेच्या कर्जावर कसंबसं उभं राहत असलेलं. त्याच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला ठेवायला उमानंच सांगितलं होतं, मावशींना सकाळचं ऊन मिळेल म्हणून. चौकटीला पहिला हात उमानं लावला होता. जिनं ते घर आतून पाहिलं, तीच आता ते घर टेबलावर आणून ठेवत होती, चोरीचा माल ठेवावा तसं.

चिन्मयनी मान वर केली. “मॅडम? तुम्हाला काही बोलायचंय?”

बोलण्यासारखं खूप होतं. शेवटी सुलेखा उमाकडं न बघता एवढंच म्हणाली, “सर, नमुन्याचा दुसरा भाग माझ्या कपाटात आहे. सील शाबूत आहे.”

पेला टेबलावर जरा जोरात टेकल्याचं तिला ऐकू आलं.

“माल सुटल्यानंतरही ठेवलात?”

“हो. मी खोटा नमुना काढला असेन, तर तोही चांगलाच निघेल. वरच्या लॅबला पाठवा.”

चिन्मयनी स्वतः कपाटापाशी येऊन ते पाकीट ताब्यात घेतलं. जाताना म्हणाले, “निकाल येईपर्यंत तुम्ही डेपोत येऊ नका. शिक्षा समजू नका, पद्धत आहे.”

पद्धतच ती. पण फाटकावरच्या माणसांना कोण समजावणार? सुलेखा स्कूटी काढायला गेली तर चहाच्या टपरीवरची कुजबुज एकदम थांबली. तिनं किल्ली फिरवली आणि मागून कुणीतरी बोललंच, “दगड दगड म्हणत होतो, आतनं पोकळच निघाला की.” दुसरा म्हणाला, “आता सवलतीतनं आल्यावर...” पुढचं इंजिनाच्या आवाजात गेलं. पुढचं ऐकायची तिला गरजही नव्हती. विद्यापीठातलंच वाक्य होतं ते. फरक एवढाच, त्या वेळी उठून उभी राहणारी एक जण शेजारी होती.

घरी गोजरबाई गवंड्यांना चहा देत होती. “आज लवकर गं?”

“सुट्टी घेतलीय थोडे दिवस.”

“बरं केलंस. लई राबतीस. उमाला बी बोलीव की जेवायला, लई दिस झाले, आली नाय.”

“कामात आहे ती, माय,” सुलेखा म्हणाली आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडली. खोटं ती आईशी बोलली होती, आणि तेही उमासाठी. याचीच तिला जास्त चीड आली.

काही दिवस तिनं तसेच काढले. उमाचा फोन येईल, ती काही सांगेल, निदान शिव्या तरी देईल, असं वाटत राहिलं. फोन आला नाही. मग एका सकाळी ती उठली, स्कूटी काढली आणि सरळ चिकलठाण्याला गेली.

लॅबची इमारत नवीन होती, काचेची. आत पांढऱ्या कोटातली रूपा नावाची मदतनीस ट्रे घेऊन चालली होती. सुलेखाला बघून ती दचकली आणि बाजूला झाली. उमा केबिनमध्ये होती. तिनं दार लावून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

“आकडा खोटा नाही, सुले,” ती आपणहूनच म्हणाली. “मशीननं दाखवला तोच लिहिला. आईशप्पथ.”

“मग?”

“दळायच्या आधी दाणे वेचले. काळे, सुरकुतलेले बाजूला काढले. उरलेले दळले.”

सुलेखा तिच्याकडं बघत राहिली. किती साधी गोष्ट. भात लावताना तांदळातले खडे वेचतात तशी.

“घरी खडे वेचले तर आपण ते फेकून देतो, उमा. तू वेचलेस ते नमुन्यातले. बाजारातल्या गोण्यांतले कोण वेचणार होतं?”

“मला नको शिकवूस! मला येतं सगळं.” उमाचा आवाज चढला. “तुझं बरं आहे, तुला पहिल्या तारखेला पगार आहे. इथं एक कंटेनर नापास केला की एजंट दुसऱ्या लॅबला जातात. माझी अर्धी कामं विश्वजितकडनं येतात. मशीनचं कर्ज आहे, दहा माणसं आहेत. तो म्हणाला, मॅडम, खोटं काही लिहू नका, फक्त जरा नीट निवडून घ्या. पहिल्यांदा केलं तेव्हा मला झोप लागली नव्हती.”

“पहिल्यांदा,” सुलेखा म्हणाली. “म्हणजे हे पहिलं नाही.”

उमानं मान दुसरीकडं वळवली.

“कधीपासून?”

“दोन वर्षं झाली असतील.”

सुलेखानं खुर्ची ओढली आणि बसली. दोन वर्षं. दोन रमजान, दोन दिवाळ्या. तिच्या डोळ्यांपुढून माल जाऊ लागला. अंजीर, शेंगदाणे, सुक्या मिरच्या, जायफळ. शहागंजच्या हातगाड्या, औरंगपुऱ्यातली मिठाई, बाळंतिणींचे लाडू, लहान पोरांच्या दुधात उगाळलेलं जायफळ. कुणाच्या पोटात काय गेलं, किती गेलं, कुणाला कधी कळणार? आणि त्या प्रत्येक मालावर तिची सही.

“मला सांगितलं असतंस तर?”

“तू सही केली नसतीस.”

“म्हणून माझ्यापासून लपवलंस.”

“तुझी सही असली की वरचे लोक पुन्हा बघत नाहीत, सुले. सगळ्यांना माहितीय तू कशी आहेस. म्हणून तर विश्वजित...” उमा बोलता बोलता अडकली. आपण काय बोलून गेलो हे तिच्याही लक्षात आलं.

बाहेर दळणयंत्र सुरू झालं, थोडा वेळ घुमलं आणि थांबलं. इतकी वर्षं सुलेखानं जपलेली एकच चीज होती, लोकांचा विश्वास. ती चीज तिच्याच मैत्रिणीनं बाजारात चालवली होती, तिला न विचारता, नाणं चालवावं तशी.

“तू खातेस का गं पिस्ते?” तिनं हळूच विचारलं.

उमाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एरवी ते बघून सुलेखा उठली असती.

“आणि घराचं बोललीस ते?”

“घाबरले होते मी. निघून गेलं तोंडातनं.”

“निघून नाही गेलं,” सुलेखा उठत म्हणाली. “माहितीसाठी सांगितलंस.”

वरच्या लॅबचा निकाल आला तेव्हा गुलमोहर झडून गेले होते. कपाटातला नमुना विषारी निघाला होता, अगदी त्या कंपनीला सापडला तसाच. चिन्मयनी स्वतः फोन केला. “मॅडम, अभिनंदन. तुमच्यावरचा संशय फिटला. सोमवारपासून रुजू व्हा. त्या लॅबची मान्यता आम्ही थांबवतोय.”

“सर, अजून एक आहे.” आणि सुलेखानं त्यांना उमाच्या केबिनमधलं सगळं सांगितलं. दोन वर्षांचंही.

चिन्मयनी आवाज खाली आणला. “तुम्ही सुटलात, मॅडम. याला साक्षीदार नाही. जुनं उकरून काढलं तर त्या मालावरच्या सह्या तुमच्याच निघणार. तुम्हालाच आधी विचारतील, दोन वर्षं काय करत होता म्हणून.”

“विचारू दे. सह्या माझ्या आहेत म्हणूनच सांगते. बाजारात अजून जे उरलं असेल ते तरी उचला.”

उचललं. पथक आलं, चिकलठाण्याच्या लॅबला सील लागलं. रूपाला विचारल्यावर तिनं रडत रडत सांगून टाकलं की वाईट दाणे वेचायचं काम तिच्याकडंच असायचं, उमा मॅडम समोर बसून सांगायच्या. जालना रोडवरच्या एका शीतगृहात काही गोण्या सापडल्या, त्या नष्ट केल्या. सुलेखा त्या वेळी तिथं उभी होती. बाकीचा माल कधीच लोकांच्या पोटात गेला होता, तो कुठून परत आणणार? विश्वजितनं अटकपूर्व जामीन मिळवला आणि काही दिवसांनी दुसऱ्याच कुणाच्या तरी नावानं त्याचा माल डेपोत यायला लागला. सुलेखाला लेखी ठपका मिळाला, देखरेखीत कसूर केल्याचा. पुढच्या बढतीच्या यादीतून तिचं नाव गळलं. डेपोतले लोक पुन्हा नमस्कार करू लागले. टपरीवर आता उमाच्या नावानं बोलणं चालायचं, आणि ते बोलणं ऐकूनही सुलेखाला समाधान वाटत नसे.

आईला तिनं एवढे दिवस काही सांगितलं नव्हतं. पण फुलंब्री ती केवढी! एका रविवारी सकाळी गोजरबाई बाजारातून आली ती पिशवी तशीच ओट्यावर टाकून समोर येऊन बसली.

“सुलेखा, लोकं काय म्हणत्यात ते खरं हाय का? उमानं तुला चोर ठरीवलं व्हतं?”

सुलेखानं सगळं सांगितलं. सांगताना ती रडली नाही. बोलणं खिडकीपाशी आलं तेव्हा मात्र आवाज फुटला. “ही खिडकी तिनं सांगितली होती, माय. आणि चौकशीत बसून तिनं हेच घर दाखवलं साहेबांना.”

गोजरबाई ऐकत राहिली. मग म्हणाली, “फोन लाव तिला.”

“कशाला? जाऊ दे.”

“लाव म्हणते ना.”

सुलेखानं नंबर लावला. उमा उचलणार नाही असं तिला वाटलं होतं. उचलला. गोजरबाईनं फोन दोन्ही हातांनी तोंडापुढं धरला.

“उमा, म्या गोजरबाई बोलते.”

“जय भीम, मावशी.” आवाज इतका बारीक होता की स्पीकरवरही जेमतेम कळला.

“म्या तुला शिव्या द्याया फोन नाय केला. लोकाचं ऐकून म्या कुणाला वाईट म्हणत नसते. तुझ्या तोंडानं सांग. माझ्या लेकीनं पैका खाऊन हे घर बांधलं, आसं तू म्हणलीस का?”

पलीकडं मागं कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. सुलेखाला वाटलं, आता ती नाही म्हणेल, किंवा समजावून सांगायला लागेल, कर्जाचं, माणसांचं. आणि तिला कळेना, यातलं आपल्याला काय हवंय.

“हो, मावशी,” उमा म्हणाली. “तसंच म्हणाले.”

“बरं,” गोजरबाई म्हणाली.

ती आणखी काही बोलेल म्हणून सुलेखा थांबली. उमाही थांबली असावी, कारण फोन चालूच होता. पण गोजरबाईनं तो लेकीच्या हातात दिला, पदर खोचला आणि मागच्या अंगणात गेली. कालच मागच्या भिंतीला गिलावा झाला होता आणि ऊन चढायच्या आत त्याला पाणी मारायचं होतं. सुलेखा फोन कानाशी न नेता तशीच उभी राहिली. पलीकडून हुंदका आल्यासारखा वाटला. तिनं फोन बंद केला, आणि दुसरी बादली भरायला नळाखाली लावली.